उकंडा, अर्थ: अथांग

३ नोव्हेंबर, सोमवार

उकंडा! पोराचं नाव उकंडा ठेवलं!

घरी येऊन चहा झाला, तरी डोकं ठिकाणावर नाही. आज वॉर्डात ती कोल्हापूरची बाई — रस्त्याच्या कामावर आलेल्या इंजिनियरची बायको, कळा लवकर सुरू झाल्या म्हणून आमच्या नेरच्या दवाखान्यातच बाळंत झाली. पोरगं छान, गुटगुटीत. टोपी घालता घालता मी सहज विचारलं, नाव ठरलं का?

"ठरलंय की सिस्टर. उकंडा!"

टोपी माझ्या हातातून खाली पडली.

आधी वाटलं माझी मस्करी करते. मी कोणाची बहीण ते नेरात सगळ्यांना माहीत आहे. पण तिचा चेहरा अगदी भोळा. "तुमच्याच जिल्ह्यातला खेळाडू आहे की. केरळात खेळतोय. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे जीव की प्राण! आमचे हे तर त्याचा एक सामना सोडत नाहीत. आणि नाव किती वेगळं आहे बघा!"

वेगळं! वेगळं तर आहेच, बाई.

तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, हे मी सांगितलं नाही. उकंडा म्हणजे काय, तेही नाही. त्यांच्याकडे त्याला उकिरडा म्हणतात ना, तिला कसं कळणार? टोपी उचलली, दुसरी घातली आणि म्हटलं, "छान आहे."

५ नोव्हेंबर, बुधवार

आज जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शोधलं. बाळांच्या नावांचे अर्थ सांगणारी एक साइट आहे. तिथे चक्क आहे!

"उकंडा. मूळ संस्कृत. अर्थ: अथांग, आकाशासारखा. शुभ रंग निळा. लोकप्रियता: यंदा झपाट्याने वाढलेली. प्रसिद्ध व्यक्ती: फुटबॉलपटू उकंडा आडे."

अथांग! मी इतकी हसले की ठसका लागला. मग हसू गेलं. कोणी लिहिलं असेल हे? कुठल्या संस्कृतात सापडलं त्याला?

खरं काय ते इथे तरी लिहून ठेवते. उकंडा म्हणजे शेणाचा, राखेचा, खरकट्याचा ढीग. याडीची, म्हणजे आमच्या आईची, दोन पोरं ओळीनं गेली होती, बसायला शिकायच्याही आधी. मग पुढचं लेकरू झालं तेव्हा आमच्या बंजारा तांड्यातल्या बायकांनी सांगितलं, याला उकंड्यावर टाक. मरणाला चांगलं-चुंगलं लागतं, कचऱ्यातलं ते उचलत नाही. याडीनं टाकलं. नेरहून बांगड्या विकायला येणारी सुग्राबी वाटेवर उभीच केली होती — तिची सगळी पोरं जिवंत, हात चांगला. तिनं लेकरू उचललं, मोल म्हणून याडीच्या पदरात मूठभर ज्वारी टाकली आणि म्हणाली, आता हे माझं. तू फक्त सांभाळ. नाव पडलं उकंड्याचं. लेकरू जगलं.

हे घरात इतक्यांदा ऐकलं आहे की आपण स्वतः तिथे होतो असं वाटतं.

आणि भावानं काय काय ऐकलं त्या नावापायी! आश्रमशाळेत पोरं त्याच्या ताटाजवळ नाक धरून बसायची. रोज कोणाशी तरी मारामारी. पळून पळून पायात एवढा जोर आला, असं तोच म्हणतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

लखनचा फोन — आमचा चुलतभाऊ, तांड्याच्या सगळ्या बातम्या त्याच्याकडे. तांड्याच्या प्रमुखाला, गुलाबसिंग नायकाला, नातू झाला. नाव काय, तर उकंडा! ज्या नायकानं भर होळीत आमच्या बापूला म्हटलं होतं, "खेमसिंग, अशा नावाच्या पोट्ट्याले पोरगी कोण देईन?" त्याच्या घरात!

येत्या होळीला धुंडीच्या विधीत तांड्यातले नवे पोरगे मांडीवर घेऊन बसतील तेव्हा तीन-तीन उकंडे असतील म्हणे. मला बाई काही सुचतच नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भावाचा फोन आला. खुशीत होता. दुकानात त्याच्या नावाची जर्सी मिळते, लहान पोरं पाठीवर नाव मिरवत मैदानात येतात. "बाई, मले तर पाहूनच कसंतरी होते. एवढे सारे उकंडे!"

मी म्हटलं, अर्थ विचारत नाहीत का?

"विचारते ना."

"मग?"

"आकाश सांगतो." मग म्हणाला, "साइटवर तेच हाये. मीबी तिथंच पाह्यलं."

मी रागावले. खोटं कशाला बोलतोस म्हटलं. तर तो शांतपणे म्हणाला, "मंग तू सांग, काय सांगू? मुलाखत घेणारी पोरगी समोर बसली राह्यते, माईक तोंडाशी. म्हणू, मले कचऱ्यात टाकलं होतं?"

राग त्याचा नव्हताच आला, नावाचा आला होता. लहानपणापासून येतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाजारात सुग्राबी भेटली. आता पाटी घेऊन फिरत नाही, मुलाच्या, युनूसच्या, पंक्चरच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसते आणि तिथेच बायकांना बांगड्या भरते. मला पाहिलं की हात ओढते. हिरव्या काचेच्या भरल्या. पर्स उघडली की रागावते. "अपनी बच्ची से कोई लेता क्या?"

मी म्हटलं, "खाला, लेक तर तुझा उक्या. त्याच्या नावानं मलाच बरं मिळतं सगळं!"

ती हसली. माझं नाक चिमटीत धरून हलवलं, लहानपणी धरायची तसंच. माझी चमकी उजव्या बाजूला. नर्सिंगच्या होस्टेलात पोरी चिडवायच्या, तुझं नाक उलटं टोचलंय. बापू म्हणायचा सोनाराची चूक.

लखनचा निरोप: केरळातले चॅनलवाले परवा-तेरवा तांड्यावर येणार, खेळाडूचं घर दाखवायला. याडीला ताकीद दिली आहे. घर दाखव, उक्यानं जिंकलेल्या ढाली दाखव, बापूचा फोटो दाखव. बाकी जास्त बोलू नको.

१९ नोव्हेंबर, बुधवार

देवा!

सुट्टी मिळाली नाही. ड्युटी संपवून तांड्यावर पोचले तर चॅनलवाले अंगणात चहा पीत होते आणि याडी ठेवणीतला फेटिया घागरा, आरशाची कांचळी चोळी घालून, हातभर बांगड्या वाजवत त्यांना आणखी साखर देत होती. खुशीत! लखननं मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा पडलेला.

"बाई, काकीनं त्यांइले उकंड्यावर नेलं."

खऱ्या उकंड्यावर! ढाली लावलेली भिंत मागे टाकून, बापूच्या फोटोसमोरून, नव्या रंगाच्या ओसरीतून थेट गोठ्यामागे. तिथे बसून दाखवलं, लेकरू कसं ठेवलं, फडकं कोणतं होतं, सुग्राबी कुठून आली. आणि लखन हिंदीत सांगत गेला. सगळं! "मी काय करू? काकी सांगून राह्यली अन् ते विचारून राह्यले!"

याडीला म्हटलं, "काय केलंस हे?"

"खरं सांगतलं. त्यात लाजाचं काय हाये? जगलं ना लेकरू?"

तिला वाटतं, यापेक्षा मोठी गोष्ट तिच्याकडे दाखवायला नाही. ढालींचं तिला काही नाही. ढाली पोरानं आणल्या, हे तिनं केलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

व्हिडिओ सगळीकडे. याडी शेणाच्या ढिगाशी बसलेली, आणि खाली ठळक अक्षरात अर्थ. आता आकाश नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कोल्हापूरची बाई बाळाला दाखवायला आली. माझ्याकडे बघेना. जाताना वळली. "तो तुमचा भाऊ आहे म्हणे. मला सांगायचं नाही व्हय सिस्टर? सासूबाई रडून रडून अर्ध्या झाल्या. नाव बदललं आम्ही."

तिचं काय चुकलं? मीही तिच्या जागी हेच केलं असतं. पण ती गेल्यावर संडासात जाऊन रडले. कोणासाठी ते कळलं नाही.

गुलाबसिंग नायकाचा नातूही आता उकंडा नाही. ओम झाला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सामना तांड्यावर पाहिला. लखनचा मोठा मोबाइल पाटीला टेकवून ठेवला, सगळी वीस-पंचवीस डोकी त्याभोवती. परगावचं मैदान. आमचं पोरगं कोपऱ्यातून चेंडू मारायला गेलं आणि वरून काहीतरी येऊन पडलं. मग आणखी. पिशव्या! कचऱ्याच्या पिशव्या. एक त्याच्या खांद्यावर फुटली, त्यातून भाज्यांची सालं, खरकटं, काय काय. लोक ओरडत होते, सगळे मिळून, तालावर. त्याचंच नाव.

तो पळाला नाही. चेंडूजवळ उभा राहिला. खांद्यावरचं झटकलं आणि चेंडू मारला. लखननं आवाज बंद केला.

याडी मागे बसलेली. तिला लांबचं नीट दिसत नाही. म्हणाली, "काय टाकून राह्यले वं ते? फुलं हायेत काय?"

मी हो म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

त्याचा फोन. नाव बदलतो म्हणाला. वकिलाशी बोलणं झालं. आकाश खेमसिंग आडे. "साइटवाल्यानं दिलेलाच अर्थ हाये बाई. निदान कोणी तरी चांगला दिला."

मी म्हटलं, बदल. मी तुझ्याबरोबर आहे. याडीला मी सांगते.

तो म्हणाला, "वास जात नाई वं आंगाचा." लहानपणी सुट्टीला शाळेतून आल्यावर म्हणायचा, अगदी तसंच.

२ डिसेंबर, मंगळवार

याडीला सांगितलं. ती जेवायला बसली होती. ताट सरकवलं.

"नाव असं खाली टाकता येत नाई. टाकलं का मरण उचलून पाह्यते, कोणाचं होतं म्हणून. कोणाच्या तरी आंगावर द्याव लागते. मंग आता कोणाले देऊ?"

मी समजावलं. ओरडलेसुद्धा. मी नर्स आहे! पहिली दोन पोरं कशानं गेली असतील हे मला झोपेतही सांगता येतं — थंडी बाधली, छाती भरली, गाडी मिळाली नाही, दवाखाना लांब. मरण नावं वाचत बसत नाही, याडी!

तिनं एकदाच वर पाहिलं. "तुह्या दवाखान्यात मरत नाई काय कोणी?"

मग तोंड भिंतीकडे.

४ डिसेंबर, गुरुवार

अजून जेवली नाही. पाण्यात मीठ-साखर घालून देते, तेवढं घेते. बीपी खाली. इथेच तांड्यावर राहिले आहे, रजा टाकली. भाकरी, दूध, खिचडी, सगळं झालं. "त्यानं नाव तसंच ठेवलं तर खातो." एवढंच.

त्याच्यापासून लपवायचं ठरवलं होतं, लखननं सांगून टाकलं. फोनवर तो रडला. एवढा मोठा गडी! म्हणाला, "ठीक हाये. नाई बदलत. पण मंग मी खेळत नाई बाई. गावी येतो, कापूस वेचतो. त्या मैदानात त्या नावानं मी उभा नाई राहू शकत पुन्हा."

मैदान सोडलं तर तो काय राहील? आणि याडी अशीच राहिली तर? मी दोघांच्या मधे बसले आहे. एवढी वर्षं दवाखान्यात घालवली, इथे काहीच चालेना.

एकच वाट सुचते. ज्या बाईनं उचललं, तिचा हक्क. सुग्राबीनं येऊन म्हटलं की मी याला मोकळा केला, नाव माझं होतं, मी परत घेते, तर याडी ऐकेल. ऐकलंच पाहिजे. उद्या नाहीतर परवा नेरला जाते.

६ डिसेंबर, शनिवार

कसं लिहू!

सुग्राबी दुकानाबाहेर बसलेली. सगळं सांगितलं. हात जोडले. म्हटलं, खाला, तुझ्या हातात आहे, चल आणि उक्याला मोकळं कर.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मैं कैसे छोडूँ उसको? मैंने उठायाच नहीं उसको."

मला वाटलं म्हातारपण. आठवण गेली. म्हटलं, खाला, तूच ना, बांगड्यांची पाटी घेऊन, उकंड्यावरून...

"उकंड्यावरून उचललं ना. म्या पोट्टा नाई उचलला. लडकी उठाई थी मैंने." आणि माझी चमकी बोटानं हलवली. "इधर की नाक किसकी टोचते, मालूम? कचरे से उठाए हुए बच्चे की. उस की टोची है क्या? देखा कभी?"

नाही टोचलेली. त्याचं नाक कोरं आहे. एवढी वर्षं त्याचा चेहरा पाहिला, नाक नाही पाहिलं.

युनूसनं पाणी आणून दिलं. मी हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं. "अपनी बच्ची से कोई लेता क्या" — दर खेपेला म्हणायची! आणि मी हसायची!

७ डिसेंबर, रविवार

याडीला विचारलं. तिनं लपवलं नाही. म्हणाली, तू कधी विचारलंच नाहीस.

उकंडी होते मी. उकंडी खेमसिंग आडे. चालायला लागले, बोलायला लागले, धड जगले. मग बापू एक दिवस म्हणाला, पोरीच्या जातीला असं नाव नको, उद्या लग्नाचं बघावं लागेल, शाळेत घालायची आहे. त्यानं बबिता ठेवलं. याडी रडली, भांडली, त्यानं ऐकलं नाही. नाव सुटं झालं. याडी तेव्हा पोटुशी होती. सुटं नाव घरात फिरतंय, आणि ज्या पोरीच्या अंगावरून काढलं ती समोर खेळतेय, हे तिला सहन होईना. भाऊ जन्मला तसं तिनं ते त्याच्या अंगावर घातलं. मी वाचावी म्हणून.

"त्याले उकंड्यावर ठेवाची गरजच नव्हती. चांगला ठणठणीत होता तो," याडी म्हणाली. "तुह्यासाठी घेतलं त्यानं ते नाव."

ताटाजवळ नाक धरून बसणारी पोरं. रोजची मारामारी. त्या पिशव्या! माझ्या होत्या सगळ्या.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी याडीसमोर ओंजळ केली. म्हटलं, "माझं नाव मला दे." ती उठली. मग कोठीतून मूठभर ज्वारी आणली आणि माझ्या ओंजळीत टाकली. चूल पेटवली. दोन भाकरी खाल्ल्या, मिरचीच्या ठेच्याशी.

भावाला फोन केला. "तू आकाश हो. तुझं नव्हतंच ते, मी वापस घेतलं." तो म्हणाला, "बाई, हसतीन वं तुले लोक."

दुपारी ड्युटीवर गेले. वॉर्डात नवी बाळंतीण, पहिली मुलगी, नाव शोधत होती. "सिस्टर, तुमचं नाव काय हो?"

सांगितलं.

"अन् अर्थ?"

"जगली ती."